गाईची पेंड आणि माशाचे पोट



मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखातील मनुष्याने मत्स्यपालनावर भाषण करावे, याचे आपणांपैकी काहींना हसू येईल. परंतु २०१६ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आरंभिली आणि आमच्याकडील शेतकऱ्याच्या दृष्टीस बांधाआतले पाणी पडू लागले. कन्नड तालुक्यात, आमच्या पिशोरच्या आसपास, कपाशी, मका व आले ही पिके होतात. तळ्यात पाणी आहे, गोठ्यात सरकीची पेंड आहे; तेव्हा रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडून त्यांनाही तीच पेंड घालावी, असा विचार सहजच सुचतो. हा विचार चुकीचा नाही; मात्र तो अपुरा आहे.

वनस्पतींचा उपयोगाचा भाग काढून घेतल्यावर जे उरते, त्यावर मासे पोसण्याची रीत आपल्या देशात जुनीच आहे. भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड समभाग घेऊन तळ्यात टाकीत असत. पेंडीत शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिने असतात व कोंड्यात शेकडा बाराच्या आसपास. समुद्रातील लहान मासे दळून केलेल्या महाग खाद्यापेक्षा हा आहार किती तरी स्वस्त पडतो.

मग अडचण कोठे आहे? ती पोटाच्या रचनेत आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. गाय रवंथ करणारी. तिच्या पहिल्या कोठ्यातील सूक्ष्म जंतू व इतर द्रव्ये त्या विषाचा बराचसा भाग निष्प्रभ करतात. कोंड्यातील स्फुरद फायटिक आम्लात जखडलेले असते. तेही हे जंतू मोकळे करून देतात. रोहू, कटल्याला असा कोठा तर नाहीच, साधे जठरही नसते. म्हणून जे काम गाईचे पोट करते, ते माशासाठी मनुष्यालाच तळ्याच्या काठावर करावे लागते. पेंड भिजवावी, कोंडा आंबवावा आणि सरकीच्या पेंडीचे प्रमाण थोडे ठेवावे. हिराकशीतील लोह गॉसिपॉलला बांधून ठेवते. परंतु तिचे माप तज्ज्ञानेच ठरवावे.

याहून मोठा शत्रू बुरशी होय. १९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी मृत्युमुखी पडले. भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीचे विष त्यास कारण झाले. त्याच सुमारास अमेरिकेतील मत्स्यकेंद्रांत ट्राउट माशांच्या यकृतात गाठी आढळल्या व त्यांचे मूळ सरकीच्या पेंडीत सापडले. हे विष, अफ्लाटॉक्सिन, शिजविल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून पावसाळ्यात ओल लागलेली पेंड ‘माशांना चालेल’ असे म्हणून तळ्यात लोटणे ही काटकसर नव्हे.

टाकाऊ वस्तूंत केवळ पोषण नव्हे, आरोग्यही दडलेले असू शकते. आंब्याची कोय आपण उकिरड्यावर फेकतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात रोहूच्या बोटुकलीच्या खाद्यात कोयीतील गराची भुकटी किलोमागे काही ग्रॅम मिसळली, तेव्हा एरोमोनास नावाच्या रोगजंतूपुढे ती अधिक तग धरून राहिली. लसूण व आले यांचेही असे प्रयोग झाले आहेत. तथापि प्रयोगशाळेतील टाकी निराळी आणि उन्हाने तापलेले शेततळे निराळे. तेथे खाद्य अधिक झाले की ते कुजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. वाढत्या माशांना त्यांच्या वजनाच्या शेकडा दोन-तीन भाग खाद्य रोज पुरे. तेवढेही उरले, तर दुसऱ्या दिवशी कमी करावे.

शहरातील गृहिणी मासा घेताना कल्ले लाल आहेत की नाहीत, हे पाहते. तो काय खाऊन वाढला, हे कल्ल्यांवरून कळत नाही. तेही विचारण्याची चाल पडावी. गिऱ्हाईक विचारू लागले, म्हणजे विकणाराही विचारील, आणि तो प्रश्न अखेर पेंडीच्या पोत्यापर्यंत पोहोचेल. टाकाऊ म्हणजे निरुपयोगी नव्हे, तसेच ते निर्धोकही नव्हे. या दोहोंमधील अंतर मनुष्याच्या मेहनतीनेच भरून निघते.