ठळक टायप, बारीक टायप

दसरा-दिवाळीच्या जाहिरातींचं पान उघडा. '४३ इंची' टीव्ही ठळक अक्षरांत असतो आणि शेजारी बारीक टायपात बऱ्याचदा '१०८ सेंमी' असं लिहिलेलं असतं. आता त्रेचाळीसला २.५४ नं गुणा. उत्तर येतं १०९.२. म्हणजे पडदा आहे साडेबेचाळीस इंचांचा. अर्ध्या इंचानं कुणाचं काही बिघडत नाही, पण या धंद्याची रीत तिथंच कळते.

पन्नाशीच्या पुढच्यांना 'पीएमपीओ' हा आवाजाच्या ताकदीचा फुगवलेला आकडा आठवत असेल. नव्वदच्या दशकात साध्या टू-इन-वन रेडिओ-कॅसेटप्लेअरवरही हजार-दोन हजार वॅटचं स्टिकर झळकायचं. पाचशे वॅटचा मिक्सर घर दणाणून सोडतो आणि हा डबा म्हणे दोन हजारांचा! तोच वारसा टीव्हीत 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट'नं चालवला.

कॉन्ट्रास्ट म्हणजे पडद्यावरचा सर्वांत उजळ पांढरा सर्वांत गडद काळ्याच्या किती पट, ते प्रमाण. एलसीडी पडद्यामागे सतत दिवे जळत असतात आणि पुढचं पॅनल तो उजेड पूर्ण अडवू शकत नाही. म्हणून तिथला काळा हा खरं तर करडा. दुकानात 'एलईडी' म्हणून मिळणारा नेहमीचा टीव्ही हा एलसीडीच आहे, फक्त मागचे दिवे एलईडी. 'क्यूएलईडी'सुद्धा त्याच घराण्यातला. अशा पॅनलचं खरं प्रमाण जातीनुसार साधारण हजारास एक ते पाच हजारास एक. मग खोक्यावर दहा लाखांस एक कुठून येतं? आधी सगळा पडदा पांढरा करून, दिवे पूर्ण पेटवून उजेड मोजायचा. मग सगळा पडदा काळा करून, दिवे जवळजवळ मालवून पुन्हा मोजायचा. आणि भागाकार करायचा! दोन्ही मापं खरी, पण ती एका चित्रातली नाहीत. अमावास्येच्या रात्री कुणी कंदील घेऊन चाललाय असं दृश्य घ्या. कंदील उजळायचा तर दिवे पेटवावे लागतात, आणि ते पेटले की अमावास्या धुरकटते. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो, म्हणून तिथं हा पेच नाही. किंमत मात्र आहे.

हर्ट्झचंही तेच. पॅनल सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं, खोक्यावर 'मोशन' असा काहीतरी शब्द जोडून १२० किंवा २४० छापतात. दिव्यांची उघडझाप आणि मधली बनवलेली चित्रं धरून हा हिशेब जमवतात. कॅलिफोर्नियात याच 'इफेक्टिव्ह' आकड्यांवरून विझिओ कंपनीवर ग्राहकांनी दावा लावला आणि कंपनीनं ३० लाख डॉलरला तडजोड केली. गंमत अशी, की सिनेमा मुळात सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. मधली चित्रं भरली की चांगला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो!

एचडीआर, म्हणजे लख्ख उजेडापासून गडद अंधारापर्यंतचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र. त्याबद्दल एवढंच सांगतो. 'एचडीआर सपोर्ट' म्हणजे टीव्हीला ती भाषा समजते, बोलता येतेच असं नाही. एचडीआर चित्रपट बऱ्याचदा १००० निट्सच्या उजेडासाठी तयार केलेले असतात, स्वस्त पडद्याची मजल तीनशेच्या आसपास. आणि निट्सचा आकडा खोक्यावर सहसा नसतोच.

मग करायचं काय? शोरूममध्ये फुलं, पोपट आणि रंगीत मासे दाखवतात, रात्र कधी दाखवत नाहीत. म्हणून रात्रीचा प्रसंग असलेला सिनेमा पेन ड्राइव्हवर घेऊन जा. चित्राचा मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर करायला सांगा. दुकानातले दिवे कुणी मालवणार नाही, तेव्हा पडद्यावर हातांचा आडोसा धरून पडद्याच्या कोपऱ्यातला अंधार बघा. आणि विक्रेत्याला विचारा, "पॅनल किती हर्ट्झचं? मोशनचा आकडा नको, पॅनलचा सांगा." तो मोबाइलवर कंपनीचं पान उघडेल, बराच वेळ खाली खाली सरकवत जाईल. सरकवू द्या, घाई करू नका. बारीक टायप तिथंच असतो.