कडक झालेला ब्रेक

खांडव्याहून बऱ्हाणपूरकडे येणारा रस्ता अशीरगडाच्या पायथ्याजवळून सातपुड्याची रांग ओलांडतो आणि तापीच्या खोऱ्यात उतरतो. केळीचे घड किंवा कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या लहान मालगाड्या आणि जुन्या जीपगाड्या या उतारावर नित्य दिसतात. अशा एखाद्या गाडीच्या चालकाला एके दिवशी जाणवते, की नेहमीइतका पाय दाबूनही गाडी नेहमीच्या जागी थांबत नाही. पेडल दगडासारखे कडक लागते. पुष्कळ जण लायनिंग झिजले असे समजून चाके उघडावयास बसतात. वस्तुतः अशा वेळी पहिला संशय घ्यावयाचा तो इंजिनाच्या कप्प्यात, पेडलाच्या समोरच बसविलेल्या काळ्या, पसरट डब्याचा. हाच बूस्टर.

या डब्यात स्वतःचे बळ काहीच नाही. तो वातावरणाचे बळ उसने घेतो. डब्याच्या मधोमध रबरी पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिनाने ओढून घेतलेली असते. पेडल दाबताच मागील बाजूस बाहेरची हवा शिरते, पुढील बाजू मात्र निर्वातच राहते, आणि पडदा पुढे ढकलला जातो. हवेचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो असतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर त्याचा दोनतृतीयांश भाग जरी उपयोगी पडला, तरी सुमारे 200 किलोंचा जोर चालकाच्या पायाला येऊन मिळतो. बेल्जियमच्या आल्बेर दवाँद्र याने 1927 साली ही युक्ती मोटारींसाठी सिद्ध केली. मोठ्या ट्रकांची व्यवस्था निराळी. तेथे दाबलेली हवा काम करते.

बऱ्हाणपूर स्थानकातून धावणाऱ्या गाड्यांनाही एके काळी निर्वात ब्रेक असत. पण त्यांची रचना अशी, की निर्वात नाहीसा झाला म्हणजे ब्रेक आपोआप लागावा. मोटारीत नेमके उलट आहे: निर्वात गेला, की साहाय्य जाते आणि उरतो तो केवळ चालकाचा पाय. म्हणूनच डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची जी सवय काही चालकांस असते, ती प्राणघातक होय. इंजिन थांबल्यावर डब्यातील शिल्लक दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरती असते. चौथ्या वळणावर ती संपलेली असते, आणि पाठीमागे केळीचे ओझे तर तसेच असते.

दोष ओळखण्यास हत्यार लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करून हातब्रेक लावावा, इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. ते कडक झाले, की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. बूस्टर निकोप असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली उतरते. जागचे हलले नाही तर निर्वात पोहोचत नाही किंवा डबा निकामी झाला आहे. पेडल कडक नसून मऊ लागत असेल व तळापर्यंत जात असेल, तर मात्र बूस्टरला बोल लावू नये. तेथे ब्रेक ऑइल गळत असते किंवा नळ्यांत हवा शिरलेली असते.

नवा डबा विकत घेण्यापूर्वी नळी पाहावी. जुने रबर बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून फुगून बंद झालेले असते. तिच्या जागी साध्या पाण्याच्या नळीचा तुकडा बसविणे ही फार वाईट काटकसर. ओढ लागताच तो चिमटतो. मग डब्याच्या तोंडाशी असलेली एकमार्गी झडप काढून फुंकून पाहावी: हवा डब्याकडून इंजिनाकडे जावी, उलट जाऊ नये. डिझेल इंजिनाला निर्वातासाठी वेगळा पंप लागतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी असतो. तेथे पट्टा सैल झाला, तर बॅटरीही नीट भरत नाही आणि ब्रेकही कडक होतो. दोन दुखणी, कारण एक. ही सर्व ठीक असून पेडल दाबून धरल्यावर फुसफुस आवाज थांबतच नसेल, तर डबाच गेला.

डबा उतरविताना आत डोकावावे. तेथे ब्रेक ऑइल साचलेले आढळले, तर मास्टर सिलिंडरचे मागील रबर गळत आहे असे समजावे. बाहेर एक थेंबही न दिसता ऑइल कमी होण्याचे रहस्य तेच. ते रबर न बदलता नवा डबा चढविला, तर नवा पडदाही त्याच तेलाने कुजतो. नव्या डब्याच्या दांड्याची लांबी जुन्याशी ताडून घ्यावी. ती थोडीही अधिक भरली, तर ब्रेक सदैव किंचित लागलेला राहतो. म्हणून घाटात जाण्यापूर्वी सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर गाडी चालवून प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा. ब्रेक फारसा न वापरताही चाके तापली असतील, तर दांडा पुन्हा जुळवावा.