फराळ, आग्रह आणि आरोग्य

(दीपावलीनिमित्त आयोजित कुटुंब मेळाव्यात एका वैद्यांनी केलेल्या भाषणाचा सारांश)



दीपावली उंबरठ्यावर असताना फराळाविरुद्ध बोलण्याचे धाडस मी करणार नाही. अभ्यंगस्नानानंतर सहकुटुंब फराळाला बसणे हा आपल्या घरांचा सुंदर संस्कार आहे. तो टिकलाच पाहिजे. मात्र त्याचे मूळ स्वरूप आपण विसरत चाललो आहोत, त्याविषयी बोलायचे आहे.

‘थंडीत सगळे पचते’ असे आपण सहज म्हणतो. आयुर्वेदानुसार जाठराग्नी प्रबळ असतो तो हेमंतात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात. दीपावली येते ती शरद ऋतूत. या ऋतूत पित्त प्रकुपित असते, म्हणून चरकाचार्यांनी हलका आहार सांगितला असून तेल, दही आणि दिवसाची झोप वर्ज्य मानली आहे. आपण नेमके काय करतो? तळणीचे पदार्थ खातो आणि दुपारी ताणून देतो! शिवाय, हा काळ चातुर्मासाचा, म्हणजे संयमाचाच आहे.

पूर्वी चकली, अनारसे वर्षातून एकदाच होत आणि अंगमेहनत रोजची असे. आज हे पदार्थ बाराही महिने दुकानात मिळतात आणि मेहनत मात्र सुटली आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. तेवढे खर्च करण्यासाठी साधारण अर्धा तास झपझप चालावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

आता थोडे आपल्याच घरातले. दीपावलीत कार्यकर्ता संपर्कासाठी बाहेर पडतो. दिवसाला आठ-दहा घरे होतात. प्रत्येक घरी भरलेली बशी येते, ‘आमच्याकडचे काहीच घेतले नाहीत’ असा प्रेमळ आग्रह होतो आणि वर साखरेचा चहा. पन्नाशी ओलांडलेला तो गृहस्थ मधुमेही असतो, पण सांगायला संकोचतो. आठ दिवसांनी तो माझ्यासमोर बसतो, तेव्हा त्याची रक्तशर्करा सारे काही सांगून जाते. ज्यांनी अजून वीस वर्षे समाजकार्य करावे, असे हात आपण प्रेमापोटीच दुबळे करीत आहोत. भगिनींनो, आतिथ्य जरूर करा, पण एकदा ‘पुरे’ म्हटल्यावर पुन्हा वाढू नका. आणि बंधूंनो, ‘मला मधुमेह आहे’ हे सांगण्यात कमीपणा नाही. अर्धा लाडू घेऊनही स्नेह पूर्ण राहतो.

काही साधे नियम सांगतो. फराळ हीच न्याहारी समजावी, त्यावर पुन्हा पोटभर जेवू नये. त्या दिवशी रात्री मुगाची खिचडी किंवा भाजी-भाकरी पुरते. चिवडा भाजक्या पोह्यांचा करावा. तळून उरलेले तेल पुनःपुन्हा तापवू नये. डबे हाताशी ठेवू नयेत, ताटलीत मोजके वाढून घ्यावे. जठराचा एक भाग घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवावा, असे चरकसंहिता सांगते. संपर्काला शक्य तिथे पायी जावे. सुटीतही सूर्यनमस्कार चुकवू नयेत.

आणि शेवटचे. फराळ हा मुळात वाटून खाण्याचा पदार्थ आहे. यंदा घरातला एक डबा कमी करून तो सेवावस्तीतील एखाद्या कुटुंबाकडे स्वतः घेऊन जा, मुलांना सोबत न्या. आपल्या शरीरावरचा भार हलका होईल आणि ज्या घरी वर्षभर गोड शिजत नाही, तिथे दीपावली पोहोचेल. संयमाचा संस्कार मुलांवर भाषणाने होत नाही, तो ताटावर होतो.

आपणा सर्वांना ही दीपावली आरोग्यदायी आणि मंगलमय होवो.