दांतावरचें संकट आणि घड्याळाचा कांटा

शरीराच्या इतर अवयवांना इजा झाली असतां माणसें जी धांवपळ करतात, ती दांताच्या वाट्याला क्वचितच येते. हात मोडला तर घरांतलीं चार माणसें एकदम उठतात. डोळ्यांत कांहीं गेलें तर रात्रीं बारा वाजतांहि वाहन शोधलें जातें. दांताचें मात्र निराळें आहे. दांत दुखूं लागला कीं लवंग, हलूं लागला कीं "पडायचाच होता", आणि पडला कीं "आतां काय उपयोग", अशीं तीन उत्तरें बहुतेक घरांत तयार असतात. दुधाचा दांत पडला म्हणजे तो कौलांवर फेंकून द्यावयाचा, ही चाल पुष्कळांनीं लहानपणीं पाळलेली असते. पडलेला दांत म्हणजे टाकून द्यावयाची वस्तु, ही समजूत त्या वयांत जी रुजते ती मोठेपणींहि सुटत नाहीं.

वास्तविक दांतावर येणाऱ्या संकटांपैकीं कांहींत मिनिटें मोजावयाचीं असतात, कांहींत तास, आणि कांहींत फार तर दिवस. कोणत्या संकटाला यांपैकीं कोणतें माप लावावयाचें, एवढें ज्या घराला ठाऊक असतें, त्या घरांतला दांत वांचतो. आणि एकाद्या प्रसंगीं जीवहि वांचतो.

ज्या संकटांत मिनिटें मोजावयाचीं, तें प्रथम पाहिलें पाहिजे. आठ-दहा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडतो, क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसतो, किंवा पोहण्याच्या तलावाच्या कांठावर पाय घसरतो, आणि समोरचा कायमचा दांत मुळासकट बाहेर येतो. हें वयच असें कीं, समोरचे कायमचे दांत नुकते कोठें आलेले असतात आणि खेळाला तर ऊत आलेला असतो. अशा वेळीं जवळचा शहाणा मनुष्य काय करतो? तो मुलाचें तोंड धुतो, दांत उचलून साबणानें स्वच्छ घांसतो, कागदाच्या पुडींत बांधून खिशांत ठेवतो, आणि संध्याकाळीं वडील कचेरींतून आले म्हणजे ती पुडी त्यांच्या हातीं देतो. यांत माया आहे, काळजीहि आहे. परंतु दांत घांसला गेला आणि कागदांत वाळूं लागला, त्याच क्षणापासून तो हातचा जाऊं लागला.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. दांत हा भिंतींत ठोकलेल्या खुंटीसारखा हाडांत बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्यें बारीक तंतूंचें एक अस्तर असतें. त्याची जाडी सुमारें पाव मिलिमीटर. पण चावतांना बसणारा सारा दाब तेंच सोसतें. दांत निखळतो तेव्हां हें अस्तर फाटतें. कांहीं भाग हाडाकडे राहतो, कांहीं मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावरच्या त्या ओलसर, पातळ थरांतील पेशी अजून जिवंत असतात. त्या जिवंत आहेत तोंवर दांत आपल्या जागीं परत गेला, तर फाटलेलें अस्तर पुन्हां सांधतें. त्या मेल्यावर दांत बसविला, तर तो कांहीं काळ उभा राहतो खरा, परंतु पुढें शरीरच त्याचें मूळ हळूहळू झिजवून टाकतें.

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील दंतवैद्य येन्स ओव्हे आन्द्रेआसन व त्यांचे सहकारी यांनीं अपघातानें निखळलेल्या व परत बसविलेल्या ११० दांतांची हकीकत १९६६ सालीं प्रसिद्ध केली. अर्ध्या तासाच्या आंत बसविलेल्या दांतांपैकीं शेंकडा ९० दांतांचीं मुळें न झिजतां राहिलीं होतीं. दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिलेल्यांपैकीं शेंकडा ९५ दांतांचीं मुळें झिजलीं होतीं. औषध निराळें नव्हतें, घड्याळ तेवढें निराळें होतें. कोरड्या हवेंत तासभर पडून राहिलेल्या मुळावरच्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात, असें आजचें शास्त्रहि सांगतें.

तेव्हां करावयाचें तें असें. दांत नेहमीं तोंडांत दिसणाऱ्या पांढऱ्या भागानें धरावा. मुळाला बोट लावूं नये. माती लागली असेल तर दुधांत बुचकळून, किंवा वाहत्या थंड पाण्याखालीं दहाएक सेकंद धरून ती जाऊं द्यावी. घांसूं नये, पुसूं नये, साबण किंवा जंतुनाशक औषध लावूं नये. मूल शुद्धीवर असेल व धीर धरीत असेल, तर दांत तेथल्या तेथें त्याच्या खळगींत, दर्शनी बाजू पुढें येईल अशा रीतीनें, हळूच दाबून बसवावा आणि वर स्वच्छ रुमालाची घडी चावून धरण्यास सांगावें. हें ऐकून पुष्कळांच्या अंगावर शहारे येतील. परंतु पहिल्या पंधरा मिनिटांत केलेला हा एक उपाय पुढच्या साऱ्या उपायांहून मोलाचा ठरतो.

हें धाडस होत नसेल, तर दांत पेलाभर थंड दुधांत टाकावा. दूध ऊन नसावें, त्यांत साखर नसावी, एवढेंच. साध्या पाण्यांत मुळावरच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. दुधांतील क्षारांचें प्रमाण शरीरांतील द्रवाशीं जुळतें असल्यामुळें त्यांत त्या कांहीं तास तग धरतात. दुधाची थंड पिशवी आतां घरोघरीं असते, आणि शाळेजवळच्या दुकानांतहि मिळते. तीहि नसेल, तर जखमी मुलालाच पेल्यांत थुंकावयास सांगून त्या लाळेंत दांत ठेवावा. अगदींच कांहीं नसेल तर पाणीहि चालेल, कारण कोरडा कागद पाण्याहूनहि वाईट. मग वेळ न दवडतां दंतवैद्याकडे निघावें. तो दांत नीट बसवून शेजारच्या दांतांना सुमारें दोन आठवडे बांधून ठेवील, आणि धनुर्वाताची लस घेतलेली आहे कीं नाहीं याचीहि चौकशी करील.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. दुधाचा दांत कधींहि परत बसवूं नये. त्याच्या वर हाडांत वाढत असलेल्या कायमच्या दांताला त्यानें इजा होऊं शकते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतींत कोणता दांत कोणता, हें कित्येकदां कळत नाहीं. शंका असेल तर दांत न बसवितां दुधांत ठेवावा आणि निर्णय वैद्यावर सोंपवावा. मात्र मूल बेशुद्ध झालें असेल, पुन्हां पुन्हां ओकत असेल, किंवा भलतेंच बोलत असेल, तर दांत विसरावा आणि आधीं रुग्णालय गांठावें. तेथें प्रश्न डोक्याचा आहे. पडलेला दांत कोठेंच सांपडत नसेल आणि मुलाला खोकला किंवा धाप लागली असेल, तर तो श्वासनलिकेंत गेला असण्याचा संभव असतो, तेथेंहि रुग्णालयच.

दांत निखळला नाहीं पण त्याचा तुकडा उडाला, तर तो तुकडाहि शोधून दुधांत किंवा पाण्यांत ओला ठेवावा. पुष्कळदां तो जसाच्या तसा चिकटवितां येतो. ओंठ फाटला असेल तर तुकडा ओंठांत रुतलेला नाहींना, हेंहि पाहण्यास सांगावें.

आतां तासांचें संकट. तें सुजेचें. किडलेल्या दाढेच्या मुळाशीं पू सांठतो, गाल सुजतो, आणि चमत्कार असा कीं कित्येकदां पू हाडांतून बाहेर पडतांच दुखणें कमी होतें. घरच्या मंडळींना वाटतें, उतार पडला. खरें म्हणजे त्याच घटकेला रोगानें घर सोडून गांवांत पाऊल टाकलेलें असतें. खालच्या जबड्याच्या मागील दाढांचीं मुळें जिभेखालच्या स्नायूच्याहि खालीं उतरलेलीं असतात. तेथील पू फुटला कीं हनुवटीखालीं आणि मानेकडे पसरतो. जर्मनींतील स्टुटगार्ट येथील वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनीं या भयंकर सुजेचें वर्णन १८३६ सालीं केलें, आणि आजहि ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. प्रतिजैविक औषधें निघण्यापूर्वीं तिनें गांठलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक रोगी दगावत. आणि तेहि मुख्यतः श्वास कोंडून.

म्हणून कांहीं लक्षणें घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाला पाठ असावींत: हनुवटीखालीं कठीण सूज, तोंड दोन बोटेंहि न उघडणें, गिळतां न येणें व लाळ गळणें, जीभ वर उचलली जाणें, आवाज घोगरा किंवा दबलेला होणें, ताप, आणि डोळा मिटावा इतकी वर चढलेली सूज. यांतील एकहि लक्षण दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये. हें काम दवाखान्याच्या खुर्चीवरचें नाहीं. जेथें शस्त्रक्रिया करतां येते व श्वासाचा मार्ग मोकळा ठेवतां येतो, अशा मोठ्या रुग्णालयाचें आहे. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. गालावर ऊन शेक देऊं नये, आणि सूज घरीं सुईनें फोडण्याचा विचारहि करूं नये.

दाढ काढून आल्यावर रात्रीं रक्त वाहूं लागणें, हाहि घाबरविणारा प्रसंग. परंतु त्याचा उपाय बहुधा घरींच असतो. स्वच्छ कापडाची ओलसर घडी नेमकी जखमेवर ठेवून ती वीस ते तीस मिनिटें घट्ट चावून धरावी, आणि मधून मधून उघडून पाहूं नये. ताठ बसावें, चुळा भरूं नयेत, थुंकूं नये. लाळेंत मिसळलेलें थोडें रक्तहि पुष्कळ दिसतें. एवढें करूनहि रक्त थांबलें नाहीं, किंवा रोगी रक्त पातळ करणारें औषध घेत असेल, तर वैद्यास गांठावें. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये.

राहिली ती नुसती दुखरी दाढ. रात्रीं आडवें पडतांच ठणका वाढतो, कारण डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. उशी उंच घेतल्यानें थोडें बरें वाटतें. पॅरासिटॅमॉलची गोळी वेष्टणावर दिलेल्या प्रमाणांत घेण्यास बहुतेकांना हरकत नसते. परंतु मूत्रपिंडाचा, पोटांतील व्रणाचा किंवा दम्याचा विकार असलेल्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं दुसऱ्या कोणत्याहि वेदनाशामक गोळ्या विचारल्यावांचून घेऊं नयेत. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची खोड तर सर्वस्वीं वाईट; तिनें हिरडी भाजून निघते. लवंगेच्या तेलानें बधिरपणा येतो हें खरें, पण तें बोळ्यावर थेंबभर, दांताच्या खड्ड्यापुरतें. अधिक झाल्यास तेंहि भाजतें. मिसरी लावून दाढ शांत करणाऱ्या स्त्रिया अजून आढळतात. त्या मिसरींत तंबाखू असते, आणि आज शांत झालेली दाढ उद्यां तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी करून देते. मागच्या आजारांतल्या उरलेल्या प्रतिजैविक गोळ्याहि कपाटांतून काढूं नयेत. किडलेल्या दांतांतील मज्जेचा दाह त्यांनीं बरा होत नाहीं; दांतांतील रोग काढल्यावांचून ठणक्याचें मूळ जात नाहीं.

येथेंच एक सावधगिरी. चालतांना किंवा जिना चढतांना खालच्या जबड्यांत, विशेषतः डाव्या बाजूस, कळ येत असेल, आणि बरोबर घाम, धाप किंवा छातींत दडपण असेल, तर ती दाढ नव्हे, हृदय असण्याचा संभव आहे. अशा रोग्याला दंतवैद्याकडे नेण्यांत वेळ घालवूं नये.

उपचार लवकर मिळणें हें पुष्कळदां नशिबावर नसून पूर्वतयारीवर असतें. कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं हिंदुस्थानांतील पहिलें दंत महाविद्यालय काढलें. मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं आणि सरकारी दंत महाविद्यालय १९४५ सालीं सुरू झालें. त्या काळीं तज्ज्ञ दंतवैद्य मिळणें दुर्मिळ होतें. आज प्रत्येक शहरांत ते आहेत. तरीहि रविवारीं दुपारीं दांत पडला तर जावयाचें कोठें, हें विचारल्यास किती घरांत उत्तर मिळेल? आपल्या दंतवैद्याचा क्रमांक, सुटीच्या दिवशीं उघडा असणारा दवाखाना, आणि जवळचें दंत महाविद्यालय किंवा मोठें रुग्णालय, हीं तीन नांवें एका कागदावर लिहून दुधाच्या शीतपेटीवरच चिकटवावींत. निघण्यापूर्वीं फोन करावा आणि मोजकें सांगावें: काय झालें, किती वाजतां झालें, दांत कशांत ठेवला आहे, रोग्याचें वय काय, आणि कोणतीं औषधें चालूं आहेत. अशा चार वाक्यांनीं पलीकडचा वैद्य तयारींत राहतो. शाळांनींहि आपल्या प्रथमोपचाराच्या पेटीवर "पडलेला दांत दुधांत ठेवा" एवढीं चार अक्षरें लिहून ठेवण्यास कांहींच खर्च येत नाहीं.

दुखण्याला "परीक्षा होऊं द्या", "लग्न आटोपूं द्या" असे वायदे करण्याची आपल्या घरांना संवय आहे. दाढ असे वायदे पाळीत नाहीं. ती नेमकी परीक्षेच्याच आदल्या रात्रीं उठते. ज्या दाढेंत आज गोड लागतांच शिणक येते, तिच्यावर याच आठवड्यांत एक तास खर्च केला, तर पुढची ती रात्र टळते.