नियमातून उगवलेलं झाड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वारली चित्रातला माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे, वर एक गोल, हातापायांच्या चार रेघा. नियम एवढाच. पण याच नियमातून एक माणूस भात लावतो, दुसरा तारपा वाजवतो, तिसरा लग्नात नाचतो. आज ज्या कलेविषयी बोलायचं आहे ती संगणकावरची आहे, पण तिची किल्ली या दोन त्रिकोणांत आहे.

तिला ‘जनरेटिव्ह आर्ट’ म्हणतात. आपण तिला नियमकला म्हणू. इथे चित्रकार संगणकासाठी नियम लिहितो. रेघ कुठून निघेल, किती वळेल, कोणता रंग घेईल. नियमात थोडी जागा फाशांसाठी सोडलेली असते, त्यामुळे दर वेळी वेगळं चित्र उमटतं. २०२२ पासून गाजत असलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांहून हा प्रकार निराळा. ती यंत्रं असंख्य तयार चित्रांवरून शिकतात. इथे प्रत्येक नियम माणसाने हाताने लिहिलेला असतो.

या कलेला ब्लॉकचेनची जोड मिळाली. ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही, जिच्यात मागाहून खाडाखोड करणं जवळजवळ अशक्य. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘आर्ट ब्लॉक्स’ नावाचा मंच सुरू झाला. कलावंताने आपला नियम ‘इथेरियम’ या नोंदवहीत लिहून ठेवायचा. ग्राहकाने पैसे भरले की त्या व्यवहारातून एक लांबलचक आकडा तयार होतो. तोच फासा. त्यातून जे चित्र निघेल ते ग्राहकाचं. कलावंतालाही ते आधी ठाऊक नसतं, आणि फसलेलं चित्र फाडून टाकण्याची सोय त्याला नसते.

२०२१ साली या बाजाराला मोठं उधाण आलं. सर्वांत जास्त बोलबाला झाला तो अमूर्त चित्रांचा. टायलर हॉब्ज यांच्या ‘फिडेन्झा’तले वाहते पट्टे, दिमित्री चेर्नियाक यांच्या ‘रिंगर्स’मधल्या खुंट्या आणि त्यांच्याभोवती ताणलेली दोरी. कामं उत्तमच आहेत. अमूर्ताविषयी माझी तक्रार असण्याचं कारण नाही. बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीसमोर ज्याने तासभर घालवला आहे, त्याला भूमितीचं सौंदर्य कुणी समजावून सांगायला नको.

पण गंमत पाहा. ‘रिंगर्स’मध्ये एक हजार चित्रं आहेत. त्यांतल्या ८७९ क्रमांकाच्या चित्रात खुंट्या आणि दोरी अशा काही जुळून आल्या की हुबेहूब हंसासारखा पक्षी दिसू लागला. लोकांनी त्याला ‘द गूस’ असं नाव दिलं. जून २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावात ते बासष्ट लाख डॉलर्सना गेलं. म्हणजे अमूर्ताच्या बाजारात सर्वांना हवासा झाला तो चुकून उमटलेला पक्षी!

मग ज्यांनी ठरवून पक्षी, झाड, चेहरा उमटावा म्हणून नियम लिहिले त्यांचं काय? आर्ट ब्लॉक्सच्या अगदी सुरुवातीच्या कामांत दायम आगॉट-होन्श यांचे ‘क्रिप्टोब्लॉट्स’ नावाचे छोटे राक्षस आहेत. स्टिना जोन्स यांचे ‘अल्गोबॉट्स’ हे रोबो आहेत. अशा कामांकडे गंमतचित्रं म्हणून पाहून पुढे जाण्याची सवय पडली. अपवाद आहेत. झांकां या फ्रेंच कलावंताच्या गवतपानांनी गच्च भरलेल्या बागांना चाहते मिळाले. पण किमतीच्या यादीवरून इतिहास वाचू गेलात, तर साकार चित्रांचा प्रवाह जवळजवळ दिसतच नाही.

वास्तविक हे काम जास्त अवघड. अमूर्त चित्रात रेघ चार बोटं सरकली तर ती नवी रचना ठरते. माणसाच्या चित्रात कोपर उलटं वाकलं तर लहान मूलही हसतं. सुलेखनकार बिस्मिल्लाची अक्षरं पक्ष्याच्या आकारात बसवतात, तेव्हा अक्षर वाचता आलं पाहिजे आणि चोचही चोचीच्या जागी आली पाहिजे. मी कविता लिहिणारा माणूस. गझलेत रदीफ आणि काफिया सांभाळणं ही निम्मी कसोटी. त्या चौकटीत जिवंत माणूस बोलला पाहिजे, ही उरलेली. साकार नियमकलेला या दोन्ही कसोट्या एकदम लागतात, आणि त्याही शेकडो चित्रांत, एकही न वगळता.

ही परंपरा ब्लॉकचेनहून कितीतरी जुनी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स सुरी यांनी माणसाच्या रेखाचित्रावर गणिती लहरी सोडून ‘साइन कर्व्ह मॅन’ केला. हेरॉल्ड कोहेन हे ब्रिटिश चित्रकार. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात त्यांनी ‘ॲरन’ नावाची आज्ञावली लिहायला घेतली. आधी ती अमूर्त आकार काढी. ऐंशीच्या दशकात कोहेननी तिला सांधे कसे वाकतात, फांदीला फांदी कशी फुटते, पुढचा माणूस मागच्याला कसा झाकतो हे शिकवलं. झाड काढायला शिकवायचं तर झाड म्हणजे काय, हे आधी स्वतःला नेमकं सांगता यावं लागतं. या कलेतलं पाहणं ते हेच.

म्हणून क्युरेटरची, म्हणजे कलेची निवड आणि जपणूक करणाऱ्याची, इथे गरज आहे. कुणी म्हणेल, सगळं नोंदवहीत कायमचं लिहिलेलं असताना जपायचं काय? पण अनेक कामांची नोंद तेवढी ब्लॉकचेनवर असते, चित्र दुसरीकडेच. ‘हिक एत नुंक’ हे लोकप्रिय संकेतस्थळ नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या संस्थापकाने अचानक बंद केलं. नोंदी ‘टेझोस’ ब्लॉकचेनवर आणि चित्रं विखुरलेल्या साठ्यात होती, म्हणून कलावंतांनी आणि आज्ञावलीकारांनी मिळून नवी दारं उभी केली. नोंदवहीने नोंद राखली, कला राखली ती माणसांनी.

आपल्याकडे जुन्या कविता बाडांमधून टिकल्या. कुणीतरी त्या उतरून घेतल्या, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांसारख्या माणसांनी गावोगाव हिंडून ती बाडं गोळा केली. या नव्या कलेलाही तसा बाडकार हवा आहे. त्याने गाजलेलं एकच चित्र न पाहता सबंध मालिका पाहावी, कारण मालिका हीच खरी कृती. नियम वाचावा. तो खरोखर नोंदवहीत आहे की दुसऱ्या कुणाच्या संगणकावर, हे तपासावं. कलावंताने काय योजलं होतं ते त्याच्या हयातीत विचारून लिहून ठेवावं. आणि बिनगाजलेलं झाड गाजलेल्या पट्ट्यांशेजारी टांगून लोकांना म्हणावं, आता पाहा.

असं केल्याने काय होतं? हेरॉल्ड कोहेन २०१६ साली गेले. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ॲरनचं प्रदर्शन भरलं, आणि यंत्राच्या हातातली लेखणी प्रेक्षकांसमोर पुन्हा रेघा ओढू लागली. लिहिणारा नव्हता. त्याने शिकवलेलं मात्र कुणीतरी सांभाळून ठेवलं होतं.