सार्वजनिक आरोग्याचे संशोधन आणि ग्रंथालयांचे सहकार्य
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



वर्षावासात ग्रंथालयांवर बोलायचे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच. पण आज समोर नर्सिंग, समाजकार्य आणि जनवैद्यकशास्त्र शिकणारी मुले-मुली मोठ्या संख्येने बसली आहेत. यांतील अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांना प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी ती आपल्याच वस्तीत, नाहीतर पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर वही घेऊन दारोदार फिरतात. बाळाचे वजन, पाण्याची सोय, औषधाचा खर्च विचारतात. लोकही हातातले काम बाजूला ठेवून माहिती देतात. त्या माहितीचे पुढे काय होते, हा माझा विषय आहे.

बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाबद्दल आपण नेहमी ऐकतो. राजगृह ग्रंथांसाठी बांधले, हेही सर्वांना ठाऊक आहे. एका गोष्टीकडे मात्र लक्ष कमी जाते. १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये ते रुपयाच्या प्रश्नावर संशोधन करीत होते, तेव्हा त्यांचे काम एका ग्रंथालयात भागले नाही. ब्रिटिश म्युझियम, इंडिया ऑफिस, लंडन विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, अशी निरनिराळी ग्रंथालये त्यांनी पालथी घातली. ते अर्धपोटी राहून वाचत, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. त्या सगळ्या ग्रंथालयांत त्यांना प्रवेश मिळाला होता, हे सांगायचे राहून जाते.

सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याची गरज याच जातीची असते. समजा, सुरगाणा तालुक्यातील कुपोषणावर लिहायचे आहे. त्याला वैद्यकीय नियतकालिके लागतील, जनगणना लागेल, मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण लागेल. सव्वाशे वर्षांहूनही आधी या भागात लोक काय खात होते, कोणत्या तापाने मरत होते, हे पाहायचे तर १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडावे लागेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे याच तालुक्यावर आधी कोणी प्रबंध लिहिला आहे काय, हे कळायला हवे.

आता आपले नाशिक पाहा. म्हसरूळला १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. गावात १८४० सालचे सार्वजनिक वाचनालय आहे. शिवाय वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंग, कला आणि विज्ञान महाविद्यालयांची आपापली ग्रंथालये आहेत. एवढी ग्रंथसंपत्ती असलेले जिल्ह्याचे ठिकाण सहजी सापडणार नाही. अडचण ओळखपत्रापाशी येते.

एक उदाहरण सांगतो, संस्थेचे नाव घेत नाही. नर्सिंगची एक विद्यार्थिनी वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर काम करीत होती. हवा असलेला लेख शहरातील एका महाविद्यालयात होता. पण ‘तुम्ही आमच्याकडच्या नाही’ असे सांगून तिला दारातून परत पाठवले गेले. तिने सारांशावर भागवले. पबमेडवर सारांश १९९७ पासून सर्वांना फुकट मिळतात, त्यामुळे काम झाले असे वाटते. पण रक्त बोटातून घेतले की शिरेतून, हे सारांशात बहुधा नसते. राष्ट्रीय सर्वेक्षणात बोटाच्या टोकाचा थेंब घेत असत. प्रयोगशाळेत शिरेतून रक्त घेतात. दोन्हींचे आकडे जुळतातच असे नाही. मुलीने आपले आकडे भलत्याच आकड्यांशेजारी ठेवले आणि वस्तीत रक्तक्षय कमी आहे असा निष्कर्ष काढला. तो कोणा अधिकाऱ्याने खरा मानला असता तर लोहाच्या गोळ्या कुठे कमी झाल्या असत्या, हे मी सांगायला नको.

यावरचा उपाय काही नवीन नाही. शेजारच्या कर्नाटकात आरोग्य विद्यापीठाने २००३ मध्ये ‘हेलिनेट’ सुरू केले. एकेका महाविद्यालयाने एकेक नियतकालिक विकत घेण्याऐवजी सर्वांनी वर्गणी एकत्र केली, प्रकाशकाशी एकच सौदा केला, आणि लहान महाविद्यालयालाही मोठ्याइतकेच वाचायला मिळाले. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने २००८ मध्ये सरकारी वैद्यकीय संस्थांसाठी ‘अर्मेड’ हा असाच संघ उभारला. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना आली. तिच्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आणि तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात आहेत. योजना चांगलीच आहे. परंतु पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी ठेवली गेली. आपली कितीतरी मुले खाजगी नर्सिंग आणि होमिओपॅथी महाविद्यालयांत आहेत, ती बाहेर राहिली. सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळाला त्याला लेख, न मिळाला त्याला सारांश!

आणि नियतकालिके मिळाली तरी स्थानिक प्रबंधांचा प्रश्न उरतोच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर येऊ लागले. पदव्युत्तर वर्गांचे प्रबंध मात्र बहुतांशी विभागाच्या कपाटात कुलूपबंद असतात. आपल्या पाड्यांची आणि वस्त्यांची माहिती नेमकी त्यांतच असते. म्हणून त्याच पाड्यावर दर तीन-चार वर्षांनी नवा विद्यार्थी जातो, तेच प्रश्न विचारतो आणि तेच कपाट भरतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे ठेवले. त्या कामाच्या मुळाशी वर्षानुवर्षांची, एकमेकींना जोडलेली मोजणी होती. आपल्याकडे मोजणी होते, पण जोडली जात नाही.

नाशिकच्या ग्रंथालयांनी आरंभाला तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ. प्रबंधांची एक संयुक्त सूची करावी; तिला पैसा लागत नाही, एका ग्रंथपालाची चिकाटी लागते. मार्गदर्शकाच्या पत्रावर दुसऱ्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला वाचनकक्षात बसू द्यावे. पुस्तक घरी नेऊ देण्याचा आग्रह मी धरीत नाही. आणि शोध कसा घ्यावा, हे ग्रंथपालांनी मिळून शिकवावे. नुसते ‘कुपोषण’ टाकून हजारो लेख समोर येतात. पबमेडच्या विषयसूचीत ‘चाइल्ड न्यूट्रिशन डिसऑर्डर्स’ असे ठरलेले शीर्षक आहे. ते माहीत असलेला विद्यार्थी एका दुपारी तेवढे काम करतो, ज्याला दुसऱ्याला महिना लागतो.

संस्थेच्या सभासदांपैकी काही जण महाविद्यालयांत नोकरीला आहेत, काही व्यवस्थापन मंडळांवर आहेत. त्यांनी हा विषय आपल्या प्राचार्यांच्या कानावर घालावा. आपल्या अभ्यासिकेनेही एक नोंदवही ठेवावी: कोणत्या ग्रंथालयात काय आहे, कोणाला भेटायचे, कोणत्या वेळी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचा प्रबंध मंजूर झाला की त्याचा दोन पानी मराठी सारांश अभ्यासिकेत आणून द्या. ज्या वस्तीची माहिती असेल त्या वस्तीच्या विहारात तो वाचून दाखवण्याची व्यवस्था संस्था करील, असे अध्यक्षांनी मला भाषणापूर्वीच सांगितले आहे. पहिले वाचन येत्या पौर्णिमेला ठेवता येईल. त्यासाठी निदान एक सारांश तरी हाती यायला हवा.

जयभीम.