'तोंड आले आहे' म्हणजे नेमके काय?



'तोंड आले आहे' हे आपल्याकडील सर्वांत परिचित आणि तितकेच संदिग्ध निदान होय. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोडणी कामगार असो वा लोणीचा बागाईतदार, आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येणारा छाला आणि तंबाखूमुळे गालात उमटलेला पांढरा चट्टा या दोहोंना तो हेच नाव देतो. परिणाम मात्र सारखे नसतात.

वैद्यकशास्त्राने यासाठी शब्द ठरविले आहेत. रंग बदललेला, पण बोटाला न जाणवणारा सपाट भाग म्हणजे डाग. किंचित उंचावलेला, पसरट तो चट्टा. पाणी धरलेली, ५ मिलिमीटरपर्यंतची ती पुटकुळी. त्याहून मोठा तो फोड. वरचे आवरण जाऊन खड्डा पडला की तो व्रण. पुटकुळी तोंडात फार काळ टिकत नाही. घास चावताना फुटते आणि तपासणीच्या वेळी व्रणच उरतो. म्हणून 'आधी काय दिसले होते?' हे विचारलेच पाहिजे.

पांढरा थर स्वच्छ कापडाने हलकेच पुसून पाहावा. बुरशीचा असल्यास तो बहुधा निघतो. जो निघत नाही आणि ज्याचे अन्य कारण सापडत नाही, तो ल्युकोप्लाकिया. अशा काही चट्ट्यांतून पुढे कर्करोग उद्भवतो. मखमली लाल चट्टा विरळा, पण अधिक धोक्याचा. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे घातक, कारण आरंभीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही.

तंबाखू-चुन्याची चिमूट जेथे धरली जाते, चट्टा बहुधा तेथेच उमटतो. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया मात्र तंबाखूचे नाव काढताच नकार देतात. त्यांच्या लेखी मशेरी हे दंतमंजनच! तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते. सुपारीने गालाचे अस्तर ताठरते. तेथे चट्टा शोधत न बसता तोंड किती बोटे उघडते, ते पाहावे.

'उजव्या गालाच्या आत, सुमारे २ सेंटिमीटरचा, पांढरा, खरखरीत, पुसून न निघणारा चट्टा, ३ महिन्यांपासून, कड टणक.' शिक्षकाने वा आशाताईंनी एवढी चिठ्ठी दिली, तर लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात तुकडा काढून तपासण्याचा निर्णय लवकर होऊ शकतो. २ आठवड्यांत न भरलेला कोणताही व्रण मात्र चिठ्ठीवाचूनही तेथे दाखवावा.